निरीक्षकांची पहिली डबी

वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला जगात धड असं फारसं काही दिसत नाही. निरीक्षकांना तर नोकरीत असतानाही दिसलं नव्हतं. उभी हयात त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासण्यात घालवली आणि त्यातून एकच निष्कर्ष काढला, की माणूस मापात मारतोच. सापडला नसेल तर तपासणाऱ्याचं लक्ष नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. हा निष्कर्ष त्यांनी किराणा मालापुरता ठेवला असता तरी चाललं असतं. पण डॉक्टर, शिक्षक, शेजारीपाजारी, हवामानाचा अंदाज सांगणारे, बायकोच्या माहेरचे असे सगळे एकेकदा त्यांच्या मनातल्या तराजूत बसून उतरले होते, आणि सगळे कमी भरले होते. घरीदारी त्यांना अजूनही 'निरीक्षक'च म्हणत. लोक आदराने म्हणतात अशी त्यांची समजूत होती.

सगळ्यात कमी भरला होता तो साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याची बेकरी होती. गोल चेहरा, भुवयांवर कायम पीठ, आणि हसायला कारण लागत नाही अशी जात. निरीक्षक त्याला मनातल्या मनात 'फुगलेला पाव' म्हणत आणि कधीकधी मोठ्यानेही म्हणत. त्यावरही साडू हसायचा, म्हणजे बघा. नोकरीत असताना एकदा निरीक्षकांनी मुद्दाम वाट वाकडी करून साडूच्या दुकानातला तराजू तपासला होता. तो अचूक निघाला. हे त्यांनी साडूला कधीच माफ केलं नाही.

तर या साडूने म्हातारपणाच्या उंबरठ्यावर एक नवा छंद धरला. जिओकॅशिंग. निरीक्षकांना हा शब्द बायकोच्या तोंडून पहिल्यांदा कळला तेव्हा त्यांना वाटलं, साडू कुठल्या तरी फसव्या योजनेत अडकला, आणि त्यांचा चेहरा क्षणभर उजळला.

"योजनाबिजना नाही हो," बायको म्हणाली. "कुणीतरी एक डबी कुठेतरी लपवून ठेवतं. झाडाच्या ढोलीत, पुलाखाली, कुठेही. तिची जागा फोनवरच्या नकाशात टाकतं. मग बाकीच्यांनी फोन घेऊन ती शोधायची."

"आणि सापडली की?"

"आत कागद असतो. त्यावर सही करायची."

"मग?"

"मग होती तशी परत ठेवून द्यायची. पुढच्याला सापडायला नको का?"

"परत ठेवायची!" निरीक्षकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "म्हणजे डोक्याचे केस पिकलेली माणसं झुडपात हात घालून डबडी शोधतात, आणि सापडली की पुन्हा झुडपातच ठेवतात. अगं, याच्यापेक्षा कोंबड्या बऱ्या. त्या निदान दाणा तरी खातात."

बायको हसली. पण ती त्यांच्या विनोदाला हसली नव्हती, तिला काहीतरी दुसरंच आठवलं होतं, आणि हे निरीक्षकांच्या लक्षात आलं.

सुरुवातीला ती बहिणीला सोबत म्हणून गेली. मग दर रविवारी जायला लागली. परत यायची ती कपड्यांना कुसळं चिकटलेली, बुटांना चिखल, नाक उन्हाने लाल झालेलं. दाराशी बूट काढता काढताच सांगायला लागायची, की आज डबी एका खोट्या पक्ष्याच्या घरट्यात होती, आज डबी म्हणजे एक पोकळ खिळाच होता, आज धाकटीचा नवरा ओढ्यात पडला. डबीत छोट्या छोट्या वस्तू असतात, त्यातली एखादी आपण घ्यायची आणि तेवढ्याच तोलाची दुसरी ठेवायची, हेही तिनेच सांगितलं. त्यांनी विचारलं, काय असतं असं मोलाचं? तर म्हणे बटणं, गोट्या, जुनी नाणी, एखादी किल्ली, शिट्टी. निरीक्षकांनी कपाळाला हात लावला.

खरं सांगायचं तर त्यांना मत्सर वाटत होता. एवढ्या वर्षांत बायको त्यांच्यासमोर कधी अशी धापा टाकत बोलली नव्हती. पूर्वी निरीक्षक घरी येऊन कुठल्या दुकानदाराने वजनाला खालून मेण कसं चिकटवलं होतं ते सांगत, आणि ती भाजी निवडता निवडता म्हणे, "आणि तुम्हाला कसं कळलं हो?" हा प्रश्न त्यांच्या जिवाचा होता. निवृत्तीनंतर तो कुणी विचारला नव्हता. रविवारी ते झाकून ठेवलेलं जेवण एकटेच गरम करून खात आणि साडूला शिव्या घालत.

त्यातच मेळाव्याची भानगड निघाली. असल्या डबीशोध्यांचा म्हणे डोंगरातल्या एका तळ्याकाठी मेळावा भरणार होता, राहून यायचं होतं, बस ठरली होती. बायकोने हे दोनदा सांगितलं. निरीक्षकांनी दोन्ही वेळा नाक मुरडलं आणि मग वाट बघितली. ती 'तुम्ही येता का' म्हणाली नाही. विचारलं असतं तर त्यांनी नाहीच म्हटलं असतं, हे खरं. पण विचारायला हवं होतं. नवऱ्याला नाही म्हणायची संधीसुद्धा द्यायची नाही म्हणजे काय?

तेव्हा निरीक्षकांनी ठरवलं, की आपण स्वतः विचारायचं नाही. असं काही करायचं की सगळ्यांनी मिळून आपल्याला विचारलं पाहिजे.

बायको बाजारात गेलेली बघून त्यांनी ते अ‍ॅप फोनवर उतरवलं. नाव घेतलं 'अचूक'. नवख्यांसाठी सूचनांची चांगली लांबलचक पानं होती. डबी कशी ओळखावी, कुठे शोधू नये, लोकांच्या खाजगी जागेत शिरू नये, शंका आली तर हात लावू नये. निरीक्षकांनी ती भराभर वर सरकवली. सूचना लिहिणारी माणसं कुठल्या लायकीची असतात हे त्यांना खात्यातल्या अनुभवाने माहीत होतं. त्यांनी स्वतः पुष्कळ सूचना लिहिल्या होत्या.

मग त्यांनी साडूची सगळी नोंद उघडून वाचली. या खेळात प्रत्येकजण काय सापडलं आणि काय नाही ते सगळ्यांना दिसेल असं लिहून ठेवतो. साडूला एक डबी तीनदा जाऊनही मिळाली नव्हती, आणि तिन्ही वेळा त्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'सापडली नाही. पुन्हा येईन. बाकड्यावर बसून मजा आली.' आपलं अपयश असं चव्हाट्यावर मांडायला माणूस किती निर्लज्ज असावा लागतो! निरीक्षकांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं, कारण त्यांना बरं वाटत होतं. मग त्यांनी तीच डबी निवडली.

शनिवारी दुपारच्या आत ते तिथे पोचले. चिंचोळा रस्ता, एका बाजूला भिंतीला भिंत लावून उभी असलेली ठेंगणी घरं, कोपऱ्यावर एक लोखंडी बाकडं. फोनवरचा ठिपका बाकड्यापाशी नाचत होता. डबी लपवणाऱ्याने मदत म्हणून एक ओळ दिली होती, 'लोखंडाला चिकटलीय. खाली वाका.'

निरीक्षकांनी बाकड्याच्या खाली हात फिरवला. च्युइंगम मिळालं. त्यांनी हात रुमालाला पुसला आणि विचार केला. बाकडं! हे तर फुगलेल्या पावालाही सुचलं असतं. आणि सुचलं होतंच की, तीनदा. म्हणजे ठिपका चुकतोय. आकाशात ते उपग्रह सोडणारेही शेवटी माणसंच. त्यांनीही मापात मारलंच असणार. असं म्हणून निरीक्षक ठिपका सोडून घरांच्या रांगेकडे वळले.

पहिल्याच घराच्या भिंतीत, दारालगत, गुडघ्याच्या खाली पाण्याच्या मीटरचं लोखंडी झाकण होतं. लोखंड. खाली. निरीक्षकांच्या अंगातून वीज गेली. मीटर म्हणजे तर त्यांच्या घरचाच विषय. ते वाकले. कुत्रा फिरवणारी एक बाई थांबून बघायला लागली, तेव्हा त्यांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की एकेकाळी धान्याचे ठोक व्यापारी त्या नजरेने घाम पुसत. बाई निघून गेली. निरीक्षकांनी झाकणाच्या मागे बोटं घातली आणि त्यांना एक काळी, काडेपेटीएवढी, चुंबकाने चिकटलेली डबी लागली.

आत कागद नव्हता. दुसऱ्या कुणाला इथे शंका आली असती. निरीक्षकांना आली नाही, उलट त्यांची खात्रीच पटली: कागदसुद्धा ठेवायचा कंटाळा! हीच या लोकांची शिस्त. आत होती ती फक्त एक किल्ली, डोक्यावर निळं रबर चढवलेली, लख्ख. बटणं, गोट्या, किल्ल्या, हे बायकोने सांगितलेलंच होतं. देवाणघेवाणीची वस्तू, दुसरं काय.

आता देवाणघेवाणीच्या बाबतीत निरीक्षकांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी खिशातून एक छोटं पितळी वजन काढलं. जुन्या संचातलं, सोबत असावं म्हणून ते नेहमी जवळ बाळगत. एका तळहातावर किल्ली, दुसऱ्यावर वजन. वजन जड भरत होतं. म्हणजे घेतलं त्यापेक्षा दिलं जास्त. या अख्ख्या खेळात आजवर इतका चोख व्यवहार कुणी केला नसेल, असं मनाशी म्हणत त्यांनी वजन डबीत ठेवलं, डबी झाकणामागे चिकटवली आणि किल्ली खिशात टाकली. मग त्याच बाकड्यावर बसून सगळ्या जगाला दिसेल असं लिहिलं, 'पहिल्याच प्रयत्नात सापडली. ज्यांना सापडली नाही त्यांनी चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा.'

शनिवारी संध्याकाळचा चहा दोन्ही बहिणींचा एकत्र असे, बेकरीच्या मागच्या खोलीत. भट्टीची ऊब, पिठाची पोती, मध्ये संगमरवरी फरशीचं टेबल. निरीक्षक सहसा जात नसत. त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले, दोन बिस्किटं संपेपर्यंत दम धरला आणि मग किल्ली टेबलावर ठेवली. किल्लीचा आवाज फरशीवर छान झाला.

"हे काय?" साडूने विचारलं.

"बाकड्याजवळची डबी," निरीक्षक म्हणाले. "तुम्ही तीनदा गेला होतात म्हणे."

साडू उठून उभाच राहिला. "साहेब! तुम्ही? काय सांगता!" त्याने पिठाच्या हातांनी निरीक्षकांचा हात धरून गदागदा हलवला. त्याला मनापासून आनंद झाला होता, आणि हे निरीक्षकांना अजिबात आवडलं नाही. त्यांना त्याचा चेहरा पडलेला बघायचा होता.

पण बायको त्यांच्याकडे बघत होती. तिने कप खाली ठेवला होता. "तुम्ही एकटे गेलात?" ती म्हणाली. "आणि तुम्हाला कशी सापडली हो?"

हाच तो प्रश्न. निरीक्षकांना सगळं मिळालं होतं, आता फक्त साधं उत्तर द्यायचं होतं. त्यांनी भाषण केलं. ते म्हणाले, मुळात यात शोधण्यासारखं काही नसतंच. निरीक्षणशक्ती असलेल्या माणसाला हा पोरखेळ आहे. ज्यांना आयुष्यात काही तपासायची सवय नाही, ज्यांचं सगळं आयुष्य पीठ फुगायची वाट बघण्यात गेलं, त्यांना तीन काय तेरा खेपा माराव्या लागतील. अशा लोकांच्या मागे रविवार रविवार हिंडणाऱ्यांचंही आपल्याला नवल वाटतं. मात्र मेळाव्यात कुणाला मार्गदर्शन हवं असेल तर आपण विचार करू.

मग मेहुणी चहाची किटली उचलत म्हणाली, "भावोजी, विचार कसला करता? तुमची जागा तर ताईने पहिल्याच दिवशी धरलीय. ते आले नाहीत तर मीही येणार नाही, म्हणाली. तुम्हाला आधी सांगितलं तर तुम्ही नाही म्हणून बसाल, म्हणून गप्प राहिलो आम्ही सगळे."

बायको खाली बघत होती. निरीक्षकांना आत्ता उमगलं. म्हणजे जिंकायचं काही नव्हतंच. त्यांची जागा आधीपासूनच होती. त्यांना आनंद झाला, मोठा आनंद झाला, पण तो कसा दाखवायचा हे त्यांना माहीत नसल्यामुळे त्यांनी तिसरं बिस्किट उचललं.

साडू मात्र किल्लीकडे बघत होता. "साहेब, सही कशावर केलीत?"

"कागदच नव्हता. तुमच्या लोकांची शिस्त!"

"डबी बाकड्याला होती?"

"बाकड्याला काय असणार? पहिल्या घराच्या मीटरच्या झाकणामागे होती. जिथे डोकं चालवावं लागतं तिथे."

साडूने किल्ली उचलली, उलटसुलट केली आणि हळूच परत ठेवली. त्याचं हसू गेलेलं निरीक्षकांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. "साहेब," तो म्हणाला, "बाकड्याची डबी कधीच हरवलीय. ती लपवणाऱ्याने काल तसं कळवलंही होतं, मला वाटलं तुम्हाला तरी मिळाली. ही कुणाच्या तरी घराची किल्ली आहे. घरात एकटं म्हाताराकोतारं असेल तर सांभाळणाऱ्या बाईसाठी लोक अशी चुंबकाच्या डबीत किल्ली ठेवतात."

"काहीतरीच! घराची किल्ली कोण बाहेर ठेवेल?"

पण बायकोने तोवर पर्स उचलली होती. "उठा," ती म्हणाली. निरीक्षकांनी किल्ली खिशात टाकली, साडूने भट्टीवरच्या माणसाला ओरडून काहीतरी सांगितलं आणि चौघेही बेकरीच्या गाडीत बसले. वाटेत निरीक्षक दोनदा म्हणाले की इतकी घाई करण्यासारखं काही नसेल.

पहिल्या घराच्या पायरीवर निळा अंगरखा घातलेली एक जाडजूड बाई दाराला खेटून बसली होती. दारात पत्रं टाकायची फट होती, तिला तोंड लावून ती आत बोलत होती.

"आता फळांची नावं घ्यायची हं आजी. मी एक, तुम्ही एक. केळं."

आतून बराच वेळ काही आलं नाही. मग एक बारीक आवाज आला. "बाई, दार उघड ना गं."

"उघडते हं. किल्ली येतेय. तुम्ही फळ सांगा बघू."

तिचा घसा बसला होता. दुपारपासून ती इथेच होती. सकाळी मुलगी कामावर जाताना आईला कोंडून जाते, कारण आईला आता काही आठवत नाही, दार उघडं राहिलं तर ती चालत सुटते. दुपारी ही बाई येते, झाकणामागची किल्ली घेते, दार उघडते. मुलगी कारखान्यात, तिथे फोन कपाटात ठेवावे लागतात. बाईला ज्यांनी कामावर पाठवलं त्या कचेरीने सांगितलं होतं, घरच्यांना विचारल्याशिवाय कुलूप फोडू नका, माणूस पाठवतो. माणूस अजून येत होता. आजी उत्तर देईनाशी झाली तर मी दार तोडणारच होते, हे सगळं तिने साडूच्या बायकोला एका दमात सांगितलं.

निरीक्षकांनी खिशातून किल्ली काढून पुढे धरली. बाईने किल्लीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"तुमच्याकडे कशी आली?"

खरं उत्तर अगदी छोटं होतं. चुकून घेतली, माफ करा. बायको बाजूलाच उभी होती, आणि ती बाईकडे नाही, निरीक्षकांकडे बघत होती.

"प्रश्न तो नाही," निरीक्षक म्हणाले. "प्रश्न हा आहे की घराची किल्ली अशी रस्त्यावर ठेवायची ही कुठली पद्धत? आज माझ्या जागी चोर असता म्हणजे? त्या मुलीला कुणीतरी समज द्यायला..."

"काका, बाजूला व्हा," बाई म्हणाली आणि तिने त्यांच्या हातातून किल्ली घेतली.

कुलूप उघडलं, पण दार बोटभर उघडून अडलं. आजी आतून दाराला टेकूनच बसली होती. बाई समजावू लागली तशी आजी रडायला लागली आणि आणखीच दाबून बसली. तेव्हा निरीक्षकांची बायको पायरीवर मांडी घालून बसली, फटीतून तिने हात आत घातला आणि तो नुसता तसाच ठेवला. काही वेळाने आतल्या हाताने तो धरला. बायको हळूहळू काहीतरी बोलत राहिली, निरीक्षकांना ऐकू आलं नाही. मग कपडे घासत सरकल्याचा आवाज झाला आणि दार उघडलं. आजीचे कपडे ओले झाले होते. म्हणून ती लाजून हलत नव्हती.

त्यानंतर सगळ्यांना काही ना काही काम मिळालं. बाईने आजीला उचललं. बायको आत गेली, पाणी तापवलं, कोरडे कपडे शोधले. मेहुणीने फरशी पुसली. साडू कचेरीशी फोनवर बोलला, पाठवलेला माणूस परत बोलवा म्हणाला. निरीक्षक पायरीवर उभे होते. झाकणाचा एक स्क्रू सैल आहे हे त्यांनी हेरलं.

थोड्या वेळाने बाई बाहेर आली तेव्हा साडू पुढे झाला. "बाई, चूक आमची झाली," तो म्हणाला. "आम्ही डब्या शोधायचा खेळ खेळतो, त्यात ही तुमची डबी आमचीच समजून उघडली गेली. त्यांच्या मुलीलाही मी स्वतः भेटून सांगेन. फार त्रास दिला आम्ही तुम्हाला." आपला काडीचा संबंध नसताना हा माणूस 'आम्ही, आम्ही' करून हात जोडत होता. निरीक्षकांना त्याचा मूर्खपणा बघवेना.

बाईने अंगरख्याच्या खिशातून पितळी वजन काढलं. "हे तुमचं का मग? किल्ली पडली असेल म्हणून मी सगळं गटार हाताने चाचपून काढलं. हे डबीत बघितलं तेव्हा वाटलं, कुणीतरी मुद्दाम आजीची चेष्टा केलीय."

"चेष्टा?" निरीक्षक दुखावले गेले. "चेष्टा कसली? ते किल्लीपेक्षा जड आहे. मी तोलून बघितलंय. तुमचं नुकसान काहीच झालेलं नाही."

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रस्त्यात काहीतरी पडलेलं असतं आणि आपण पाय उचलून पुढे टाकतो, तशी ती बघत होती. तिने वजन पायरीवर ठेवलं आणि ती आत गेली. दारात निरीक्षकांची बायको उभी होती, हातात आजीच्या ओल्या कपड्यांचा बोळा. तिने सगळं ऐकलं होतं.

कपडे धुऊन, वाळत घालूनच ती निघाली. साडू आणि मेहुणी गाडीपाशी थांबले होते. निरीक्षक बाकड्यावर बसले होते, ती आली तसे उठले. मधल्या वेळात त्यांनी पुष्कळ विचार केला होता आणि कधी नव्हे ते एका शब्दापर्यंत येऊन पोचले होते.

"चुकलं," ते म्हणाले.

"हो," बायको म्हणाली.

"तुला मी सांगतोय ना, चुकलं म्हणून."

"मला कशाला सांगता? मी थोडीच कोंडले गेले होते?"

ती शांत होती. तिच्या बाह्या अजून वर गुंडाळलेल्या होत्या. निरीक्षकांना तिची शांतता धोक्याची वाटली. "त्या मेळाव्याचं म्हणशील तर मी येतो," ते घाईघाईने म्हणाले. "तू जागा धरलीयस ते मला कळलं. मी येतो. मला आवडेल यायला."

हे शेवटचं वाक्य खरं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर 'मला आवडेल' असं ते बहुधा पहिल्यांदाच म्हणत होते.

"तुमची जागा सोडून द्यायला सांगितलंय मी मेळाव्यावाल्यांना," बायको म्हणाली. "आत्ताच, आतून फोन केला. माझी ठेवलीय."

"राग आलाय तुला."

"नाही हो."

"आलाय. येणारच. चार माणसांत मी तसं बोलायला नको होतं. भांड हवं तर. घरी चल आणि मनसोक्त भांड."

बायको त्यांच्याकडे नीट बघून म्हणाली, "इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, यांचं तोंड तेवढं वाईट आहे, मनाने चांगले आहेत. माहेरी सांगितलं, शेजारी सांगितलं, धाकटीला तर रोज सांगते. आज त्या दारात मी नुसती उभी राहिले. म्हटलं, आता यांचं ते मन बाहेर येईल." तिने बाह्या खाली ओढल्या. "मला राग नाही आला. राग आला असता तर बरं झालं असतं. मला कंटाळा आला."

"कसला?"

"तुमचा," ती म्हणाली. काही टोचून बोलतेय असा सूरही नव्हता तिचा. "मी आज धाकटीकडे राहते. जेवण झाकून ठेवलंय."

निरीक्षक काहीतरी बोलायला गेले, पण ती गाडीकडे निघाली होती. साडूने तिच्यासाठी दार उघडलं आणि मग, त्याच्या स्वभावाप्रमाणे, निरीक्षकांकडे बघून हात हलवला, साहेब, तुम्हीही चला की, अशा अर्थाने. गाडीत बसता बसता बायकोने त्याचा तो हात धरून खाली केला.